निळ्या ननचं लेबल

जुन्या जर्मन वाइनचं लेबल म्हणजे एखादी सनदच असायची. टोकदार गॉथिक अक्षरं, घराण्याचं चिन्ह, गाव, मळा, द्राक्षाची जात, शिवाय द्राक्षं कितपत पिकल्यावर खुडली तेही. त्यातला ‘ट्रोकनबेरेनआउसलेझं’ (वेलीवरच सुकत आलेल्या द्राक्षांची वाइन) एवढा एकच शब्द उच्चारायचा तरी परदेशी गिऱ्हाइकाची जीभ अडखळायची. आणि ज्याचं नाव घेता येत नाही ते माणूस दुकानात मागत नाही.

माइन्झच्या ‘एच. झिशेल झ्योने’ या व्यापारी पेढीने १९२३ मध्ये यावर तोडगा काढला. १९२१ च्या नावाजलेल्या हंगामाची वाइन त्यांनी चित्राच्या लेबलाखाली बाजारात आणली: द्राक्षमळ्यात काम करणाऱ्या नन आणि वर निळंभोर आकाश. सुरुवातीला त्यांचे झगे तपकिरी होते, पुढे ते निळे झाले. नाव दोनच शब्दांचं, ब्लू नन. इंग्रजी येणाऱ्या कोणालाही ते घेता यायचं. या वाइनच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

ननचं चित्र उगाच आलेलं नव्हतं. आतली वाइन ‘लीबफ्राउमिल्श’ या प्रकारातली, शब्दशः ‘मेरीमाउलीचं दूध’. ऱ्हाइनकाठच्या वॉर्म्स गावातल्या मेरीच्या चर्चभोवती जे मळे आहेत, तिथल्या वाइनचं हे नाव. पुढे ते त्या मळ्यांपुरतं उरलं नाही, दूरदूरच्या वाइनवरही लागू लागलं. ‘म्युलर-थुर्गाऊ’ हे लवकर पिकणारं, भरपूर उतारा देणारं द्राक्ष अशा वाइनचा मोठा आधार होतं. १८८२ मध्ये हेरमान म्युलर यांनी ते संकरातून तयार केलं. त्याची वाइन आंबट कमी, वास फुलाफळांचा, चवीला थोडी गोडसर, मद्यार्क बेताचा.

‘जेवणाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालेल’ अशी ब्लू ननची जाहिरात व्हायची. माशाबरोबर कोणती, मटणाबरोबर कोणती, हा घोरच मिटला. अमेरिकेत ती वाढवली पीटर झिशेल यांनी. माइन्झमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेले पीटर नाझी राजवटीमुळे देशोधडीला लागले. पुढे बर्लिन आणि हाँगकाँगमध्ये त्यांनी सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचं काम केलं आणि १९६० च्या सुमारास घरच्या धंद्यात परतले. १९८४-८५ मध्ये एकट्या अमेरिकेत वर्षाला साडेबारा लाख पेट्या खपत होत्या.

त्याच सुमारास लीबफ्राउमिल्शचं नाव मात्र घसरत होतं. त्या नावाखाली कोणीही स्वस्त, पाणचट, गोडमिट्ट वाइन भरत होतं, आणि लोकांची आवड कोरड्या, म्हणजे गोडी नसलेल्या, शार्दने या पांढऱ्या वाइनकडे वळली होती. दोष लेबलाचा नव्हता, पण फटका त्यालाही बसला.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर झिशेल कुटुंबाने हा ब्रँड मोझेलकाठच्या लांगगुथ कंपनीला विकला. तिने गोडी कमी केली, रीझलिंग या नावाजलेल्या जर्मन द्राक्षाचं प्रमाण वाढवलं आणि लेबलावरून लीबफ्राउमिल्श हा शब्दच काढून टाकला. आता बाटलीच निळी आहे. नन मात्र अजून लेबलावर आहे.