कंट्री गाण्याची रेडिओ आवृत्ती आणि अल्बम आवृत्ती

अमेरिकन कंट्री संगीतातले गाणे पुष्कळदा दोन रूपांत प्रसिद्ध होते. अल्बममध्ये असते ती अल्बम आवृत्ती. सिंगल म्हणून, म्हणजे अल्बममधून वेगळे काढलेले एकटे गाणे म्हणून, रेडिओ केंद्रांकडे जाते ती रेडिओ आवृत्ती. दोन्हींतला फरक कधी चार सेकंदांचा असतो, कधी एका शब्दाचा, कधी अख्ख्या कडव्याचा, तर कधी वाद्यमेळच निराळा असतो. अल्बमवरचे गाणे मूळ आणि पूर्ण, रेडिओवरचे त्याची कापलेली प्रत, असा सर्वसाधारण समज आहे. अनेक गाण्यांच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो. काही वेळा दोन्ही रूपे आधीच्या तिसऱ्याच रूपावरून तयार झालेली असतात. काही गाण्यांचे सर्वांत लांब रूप अल्बममध्येही नसते, ते फक्त मैफलीत ऐकायला मिळते.

वेळेचे बंधन

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीने १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली आणि आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये सात इंची ४५ फेऱ्यांची. तेव्हापासून अल्बम आणि सिंगल यांच्या वाटा तांत्रिकदृष्ट्याही वेगळ्या झाल्या. सात इंची तबकडीवर पाच मिनिटांचे गाणेही बसवता येते, पण त्यासाठी खाचा दाटीने कोराव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते. ज्यूकबॉक्समध्ये (नाणे टाकून गाणे वाजवायच्या यंत्रात) किंवा एएम रेडिओवर आधीच्या गाण्यापेक्षा हळू आवाजात वाजणारी तबकडी मार खाते. म्हणून अडीच ते सव्वातीन मिनिटांचे गाणे कंपन्यांना सोयीचे वाटे. रेडिओ केंद्रांनाही तेच हवे असे, कारण गाणी आखूड असली की तासाभरात जास्त गाणी आणि जाहिराती बसतात.

या बंधनाचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे मार्टी रॉबिन्सचे ‘एल पासो’ (१९५९). ‘गनफायटर बॅलड्स अँड ट्रेल साँग्ज’ या अल्बममधले हे कथागीत साडेचार मिनिटांहून लांब आहे. इतके लांब गाणे केंद्रे लावणार नाहीत या भीतीने कोलंबियाने केंद्रांसाठी एक खास तबकडी काढली. तिच्या एका बाजूला पूर्ण गाणे होते आणि दुसऱ्या बाजूला सुमारे तीन मिनिटांचे कापलेले. कापताना नायकाला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप होतो तो भागच गेला. खून करून तो पळतो हे उरते, पण त्याच्या मनात काय चालले आहे ते उरत नाही. निवेदकांनी आणि श्रोत्यांनी पूर्ण गाणेच पसंत केले आणि १९६० च्या आरंभी ते लोकप्रियतेच्या कंट्री व पॉप या दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. कथागीतातले कडवे काढणे आणि प्रेमगीतातले कडवे काढणे या सारख्या गोष्टी नव्हेत, हे येथे स्पष्ट दिसते. प्रेमगीतात दुसरे कडवे बहुधा पहिल्याचीच भावना पुढे नेते. कथागीतात प्रत्येक कडवे ही एक घटना असते.

काय कापतात, कसे कापतात

कंट्री गाण्याची नेहमीची घडण अशी: सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा, कडवे, ध्रुवपद, छोटा जोडतुकडा, दुसरे कडवे, ध्रुवपद, मग स्टील गिटार, फिडल (व्हायोलिन) किंवा इलेक्ट्रिक गिटारचा एकल तुकडा, हवा असल्यास वेगळ्या चालीचा मधला भाग, शेवटचे ध्रुवपद आणि समारोप. कात्री प्रथम समारोपावर चालते, मग सुरुवातीवर, मग एकल तुकड्यावर. कडव्याला हात लावायची वेळ सर्वांत शेवटी येते.

हिशेब मात्रांत करतात. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचे एक आवर्तन अडीच सेकंदांचे होते. ४ मिनिटे २० सेकंदांच्या गाण्यातून सुरुवातीच्या आठ आवर्तनांपैकी चार काढली की १० सेकंद वाचतात. आठ आवर्तनांचा एकल तुकडा काढला की २० सेकंद आणि शेवटी पुन्हा आलेले आठ आवर्तनांचे ध्रुवपद काढले की आणखी २०. गाणे ३ मिनिटे ३० सेकंदांवर येते आणि एकही शब्द गमावलेला नसतो.

टेपच्या काळात हे काम पाव इंची टेपवर, दाढीच्या पात्याने होई. सेकंदाला १५ इंच वेगाने चालणाऱ्या टेपवर वरच्या लयीचे एक आवर्तन ३७.५ इंच भरते, म्हणजे आठ आवर्तनांचा तुकडा काढताना २५ फूट टेप जमिनीवर पडते. मुख्य टेपला हात लावत नसत, तिची प्रत काढून ती कापत. त्यामुळे रेडिओ आवृत्ती एका पिढीने मागे असते आणि तिच्यात टेपची सरसर किंचित जास्त ऐकू येते. दोन्ही टोके खाचेच्या ठोकळ्यावर ४५ अंशांत तिरपी कापून मागून चिकटपट्टी लावतात. तिरप्या कापामुळे एक आवाज संपत असताना दुसरा सुरू होतो आणि सांधा ‘टक’ करत नाही. काप शक्यतो ड्रमच्या ठोक्याच्या अगदी आधी घेतात, म्हणजे ठोका सांधा झाकतो.

सांधा बिघडण्याची कारणे ठरावीक आहेत. कंट्रीत गायक आणि फिडल दोघेही समेच्या आधी एक-दोन ठोके उचल घेतात. समेवर बरोबर कापले तर ही उचल तुटते आणि ओळ अर्धी सुरू झाल्यासारखी वाटते. पेडल स्टीलचा (पायपट्ट्या असलेल्या स्टील गिटारचा) स्वर पायाच्या पट्टीने हळूहळू फुगवलेला असतो, त्याची मिंड कापाच्या आरपार जात असेल तर अर्धी मिंड ऐकू येते. झांजेची आणि प्रतिध्वनीची शेपूट हा तिसरा त्रास. एकल तुकडा काढला, पण त्याच्या आधीच्या ध्रुवपदाची शेपूट त्या तुकड्याच्या पहिल्या सेकंदात होती, तर आवाज भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो. शेवटच्या ध्रुवपदाआधी गाणे अर्धा स्वर चढवण्याची कंट्रीत जुनी सवय आहे. ही चढण एकल तुकड्याच्या पोटात असेल तर तो तुकडा काढताच गाणे विनाकारण उडी मारते. अशा वेळी शेवटची दोन आवर्तने राखून फक्त आधीची काढणे हाच मार्ग. ठेक्याच्या यंत्राशिवाय वाजवलेल्या जुन्या गाण्यांत शेवटाकडे लय चढलेली असते, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या ध्रुवपदाचा सांधा नेमका जुळवूनही ठेच लागते. आज संगणकावर दोन टोके काही मिलिसेकंद एकमेकांत विरघळवता येतात, पण उचल, मिंड आणि चढण यांचे प्रश्न तसेच आहेत.

गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला रेडिओत स्वतंत्र महत्त्व आहे. निवेदक पहिल्या शब्दापर्यंत बोलतो, म्हणून केंद्रांना पाठवलेल्या प्रतीवर सुरुवातीचा तुकडा किती सेकंदांचा, एकूण वेळ किती आणि शेवट विरत जाणारा की ठोक्यावर थांबणारा, हे छापलेले असते. छापलेल्या वेळेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. लांब गाणे आखूड भासावे म्हणून लेबलवर कमी वेळ छापण्याचे प्रकार घडले आहेत. काही केंद्रे गाणे दोन-तीन टक्के जलद वाजवत. २ टक्क्यांनी चार मिनिटांचे गाणे पाच सेकंदांनी आखूड होते. ३ टक्क्यांनी स्वर जवळजवळ पाव सुराने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याने, चढतो. जुनी रेडिओ आवृत्ती ‘जास्त तरतरीत’ होती असे आठवणारे श्रोते अशा वेळी खरेच वेगळे काही ऐकत असतात.

शब्दांमधले बदल

अमेरिकेत सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत असभ्य मजकूर प्रसारित करण्यास संघीय दळणवळण आयोगाची मनाई आहे. कंट्री केंद्रांचे श्रोते सहकुटुंब ऐकणारे, म्हणून ती कायद्याहूनही जास्त सावध राहतात. चार्ली डॅनियल्स बँडच्या ‘द डेव्हिल वेंट डाऊन टू जॉर्जिया’ (१९७९) मध्ये अल्बमवर गाण्यातला फिडलवादक जॉनी सैतानाला ‘सन ऑफ अ बिच’ म्हणतो आणि सिंगलवर ‘सन ऑफ अ गन’. ओळ नव्याने गायलेली असल्यामुळे कोठेही भोक पडत नाही. झॅक ब्राउन बँडच्या ‘टोज’मध्ये वाळूत टेकवलेल्या कुल्ल्यांच्या जागी रेडिओसाठी पुन्हा पायाची बोटेच आली. टेलर स्विफ्टच्या ‘पिक्चर टू बर्न’मधली २००६ च्या अल्बमवरची, माजी प्रियकराला समलिंगी म्हणण्याची धमकी देणारी ओळ २००८ च्या सिंगलसाठी बदलली. तो बदल योग्यच होता.

जॉनी कॅशची दोन गाणी मात्र सोप्या वर्गवारीला छेद देतात. सॅन क्वेंटिन तुरुंगात फेब्रुवारी १९६९ मध्ये मुद्रित झालेल्या ‘अ बॉय नेम्ड सू’मधली शिवी सिंगलवर ‘बीप’ने झाकली होती आणि तेव्हाच्या अल्बमवरही. उघडी शिवी ऐकायला श्रोत्यांना नंतरच्या पूर्ण मैफलीच्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’चे तुरुंगातले मुद्रण १९६८ मध्ये सिंगल म्हणून चढत असतानाच जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. केवळ मरताना पाहायला म्हणून माणूस मारल्याची ओळ केंद्रांना नकोशी झाली. कॅशच्या विरोधाला न जुमानता कंपनीने ती ओळ काढून नवी प्रत पाठवली. गाण्यातला गुन्हाच काढून घेतलेली ही आवृत्ती म्हणजे कात्री कोठवर जाऊ शकते याचा नमुना आहे.

वेगळे मिश्रण

१९९० च्या दशकापासून लांबीपेक्षा वाद्यमेळाचा फरक जास्त होऊ लागला. कंट्री गाणे पॉप केंद्रांवर न्यायचे तर फिडल, बँजो आणि स्टील खाली उतरवून ड्रम, इलेक्ट्रिक गिटार व कीबोर्ड पुढे आणतात. गायन तेच राहते, मुद्रित आवाजांचे मिश्रण (मिक्स) तेवढे बदलते. लोनस्टारचे ‘अमेझ्ड’ (१९९९) अशाच पॉप मिश्रणाच्या बळावर मार्च २००० मध्ये सर्व प्रकारच्या गाण्यांच्या सर्वसाधारण यादीत अव्वल ठरले. शनाया ट्वेनने ‘कम ऑन ओव्हर’ (१९९७) परदेशांसाठी पॉप वळणात पुन्हा आणला. ‘अप!’ (२००२) तर तिने एकाच वेळी तीन रंगांत काढला: हिरवी तबकडी कंट्री, तांबडी पॉप, आणि निळी भारतीय वळणाची. निळीचे काम बर्मिंगहॅमच्या सायमन व डायमंड दुग्गल या भावांनी केले. इथे कोणते रूप मूळ, हा प्रश्नच गैरलागू होतो.

उलट दिशेचा प्रवासही घडतो. स्विफ्टच्या २०१२ च्या ‘वी आर नेव्हर एव्हर गेटिंग बॅक टुगेदर’चे मुख्य रूप पॉप होते, कंट्री केंद्रांना वेगळे मिश्रण पाठवले गेले. त्याच ऑक्टोबरात, लोकप्रियतेच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्ड नियतकालिकाने कंट्री गाण्यांच्या मुख्य यादीत सर्व प्रकारच्या केंद्रांवरील वादन, विक्री व स्ट्रीमिंग धरायला सुरुवात केली आणि पॉप केंद्रांवरचे वादनही कंट्री क्रमांकात मोजले जाऊ लागले. केवळ कंट्री केंद्रांची मोजणी वेगळ्या यादीत गेली. नाचासाठी केलेल्या मिश्रणांत ब्रूक्स अँड डनच्या ‘बूट स्कूटिन बूगी’ची क्लब आवृत्ती प्रसिद्ध आहे. ती त्यांच्या १९९३ च्या ‘हार्ड वर्किन मॅन’ अल्बममध्येही घेतली गेली.

अॅलन जॅक्सनच्या ११ सप्टेंबरवरील गाण्याचे रेडिओवर प्रथम वाजलेले रूप स्टुडिओतले नव्हतेच. नोव्हेंबर २००१ च्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कार सोहळ्यातले गायन केंद्रांनी थेट लावले. २००२ च्या ‘ड्राइव्ह’ अल्बममध्ये दोन्ही रूपे आहेत. गार्थ ब्रूक्सच्या ‘द थंडर रोल्स’चे तिसरे कडवे सिंगलवरही नाही आणि ‘नो फेन्सेस’ (१९९०) अल्बमवरही नाही. ते १९९८ च्या ‘डबल लाइव्ह’वर सापडते.

आवृत्ती ओळखणे

दोन प्रतींची खात्री करायची तर ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत त्या एकाखाली एक ठेवून पहिला ठोका जुळवावा, एकीची ध्रुवता उलटवावी (ध्वनिलहर उलटी करावी) आणि दोन्ही एकत्र वाजवाव्यात. सारखा असलेला भाग शांत होतो, जेथे आवाज उरतो तेथे बदल आहे. एका मिश्रणातून आलेल्या पण वेगळ्या मास्टरिंगच्या (प्रसिद्धीपूर्वी आवाजावर केलेल्या अखेरच्या संस्काराच्या) प्रती पूर्ण शांत होत नाहीत, तबकडीवरून उतरवलेल्या तर कधीच होत नाहीत, कारण वेग डगमगतो. अशा वेळी आवर्तने मोजणे हाच विश्वासार्ह उपाय. डिजिटल प्रतींसोबत १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे मुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असतो आणि वेगळ्या आवृत्तीला वेगळा क्रमांक देण्याचा नियम आहे. जुन्या सिंगलसाठी तबकडीच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक पाहावा.

खरी अडचण उपलब्धतेची आहे. १९९० नंतर बरीचशी कंट्री रेडिओ आवृत्ती केवळ केंद्रांना पाठवलेल्या सीडीवर होती, ती दुकानात आलीच नाही. लाखो लोकांनी ऐकलेले रूप विकत मिळत नाही आणि निवडक गाण्यांच्या संग्रहांत बहुतेक वेळा अल्बम आवृत्ती मुकाट्याने घातली जाते. म्हणून संग्राहकाने नोंद करताना फक्त गाण्याचे नाव आणि वर्ष लिहू नये. घड्याळाने मोजलेली वेळ, पहिल्या शब्दापर्यंतचे सेकंद, एकल तुकड्याची आवर्तने, शेवट विरतो की थांबतो आणि विरताना ऐकू येणारा शेवटचा शब्द, एवढे पाच तपशील लिहिले की पुढच्या माणसाला प्रत न ऐकताही आवृत्ती ओळखता येते.