दोन कार्बनांची गाठ घालणारा पॅलेडियम

रक्तदाबाच्या गोळ्या म्हणजे ‘केमिकल’, त्या सोडा आणि अमुक काढा घ्या, असा संदेश व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरतोय. काढ्यातही रसायनेच असतात हे शाळेतच शिकवतात. डॉक्टरांना न विचारता ही गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते, हेही पुन्हा पुन्हा सांगायला हवे. पण मला आज सांगायचे आहे ते त्या गोळीतला रेणू कसा घडतो याविषयी, कारण असे सुंदर रसायनशास्त्र फार थोड्यांच्या कानावर पडते.

रक्तदाबावरच्या लोसार्टन या औषधाचे उदाहरण पाहू. त्याच्या रेणूत बेंझिनची दोन वलये एकाच बंधाने थेट जोडलेली असतात. त्यातल्या एका वलयावर, जोडाला अगदी खेटून, चार नायट्रोजन असलेले टेट्राझोल हे छोटे वलय बसलेले असते. त्या दाटीमुळे बेंझिनची वलये एका पातळीत राहत नाहीत, एकमेकांशी तिरपी होतात. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक पेशीवरच्या ज्या ग्राहीला चिकटून रक्तवाहिन्या आकसवते, तीच ग्राही हा रेणू अडवून धरतो. टेल्मिसार्टन आणि व्हालसार्टनमध्येही अशीच जोडवलये आहेत.

ती जोडायची कशी? जर्मन रसायनज्ञ फ्रिट्झ उलमानने १९०१ मध्ये तांबे वापरून वलये जोडली, पण त्यासाठी साधारण २०० अंशांचे तापमान लागे. शिवाय ‘क’ आणि ‘ख’ ही वेगळी वलये एकत्र तापवली की क-क, ख-ख आणि क-ख अशी खिचडी हाती येई. औषधाला हवे फक्त क-ख.

जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी १९८१ मध्ये यावर तोड काढली. एका वलयावर ब्रोमीन, दुसऱ्यावर बोरॉन, आणि मध्ये उत्प्रेरक म्हणून पॅलेडियम. फॉस्फिनचे (फॉस्फरसच्या संयुगाचे) रेणू धरून असलेला पॅलेडियमचा अणू आधी कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतो. बंध तुटतो, कार्बन आणि ब्रोमीन दोघेही पॅलेडियमला जोडले जातात, आणि पॅलेडियमची ऑक्सिडेशन अवस्था (गमावलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब) शून्यावरून +२ वर जाते. कार्बन-बोरॉन बंध मात्र सुस्त असतो, नुसते ढवळून तो हलत नाही. म्हणून मिश्रणात आम्लारी घालतात. मग ऑक्सिजनचा अणू बोरॉन आणि पॅलेडियम यांच्यात पूल बांधतो, आणि त्या जवळिकीत दुसरे वलय बोरॉनला सोडून पॅलेडियमवर येते. आता दोन्ही वलये एकाच अणूवर, शेजारी-शेजारी. समोरासमोर असती तर काही घडले नसते. शेजारी आली की दोघांचे कार्बन एकमेकांशी बंध जोडून सुटतात. पॅलेडियम पुन्हा शून्य अवस्थेत, पुढच्या फेरीला मोकळा! ब्रोमीनवाल्याची गाठ बोरॉनवाल्याशीच पडत असल्याने क-ख हेच मुख्य उत्पादन मिळते.

बोरॉनची निवड मला सर्वांत थोर वाटते. बोरॉनच्या जागी दुसरे धातूही चालतात, पण ग्रिन्यार अभिक्रियेतले मॅग्नेशियमचे संयुग पाण्याच्या स्पर्शाने नासते, कथिलाची संयुगे विषारी असतात. बोरॉन जोडलेली ही संयुगे, म्हणजे बोरॉनिक आम्ले, मात्र बहुधा बाटलीत भरून ठेवता येतात, आणि अभिक्रिया पाण्यातही चालते. मर्क कंपनीच्या रसायनज्ञांनी लोसार्टनचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन बसवताना हीच पद्धत घेतली. सुझुकींनी तिचे पेटंट घेतले नाही. २०१० मध्ये त्यांना रिचर्ड हेक आणि एइ-इची नेगिशी या रसायनज्ञांसोबत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हीच गाठ पुन्हा पुन्हा घातली की साखळी होते. कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठात मारिओ लक्लेर यांच्या गटाने २००७ मध्ये इलेक्ट्रॉन देणारे कार्बाझोल आणि इलेक्ट्रॉन ओढणारे बेन्झोथायाडायाझोल यांचे घटक असे आलटून-पालटून गुंफले, आणि सौरघटासाठी प्रकाश शोषणारे पॉलिमर मिळवले. त्याचे द्रावण पातळ थरात पसरता येते. छपरावरचे सिलिकॉन पॅनेल आता जाणार, अशा बातम्यांना मात्र भुलू नये. ऊन आणि हवा लागून असे पॉलिमर सिलिकॉनपेक्षा लवकर खराब होतात.

औषधाच्या कारखान्यात खरी कसरत शेवटी असते, ती म्हणजे काम संपल्यावर पॅलेडियम काढून टाकण्याची. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पोटात घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम शरीरात जाता कामा नये. त्यासाठी सक्रिय कोळशातून किंवा धातू पकडून ठेवणाऱ्या खास सिलिकातून द्रावण गाळतात, मग स्फटिक पाडतात, आणि तयार मालातला धातू मोजूनच तो पुढे पाठवतात.