आठव्यातलं बाळ आणि ओली कॅरीबॅग

सांगलीत भाचीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरताना एक आजी तिच्या कानाशी लागल्या, "आता आठवा लागेल, जप हो. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही." पोरीचा चेहराच उतरला. म्हणून हे लिहायला बसलो.

हे साफ खोटं आहे. आठव्यात जन्मलेलं बाळ जगण्याची शक्यता सातव्यातल्यापेक्षा जास्तच असते. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या कातडीखाली चरबी भरते, मेंदूला घड्या पडतात, आईकडून आलेलं लोह साठतं. इकडे गर्भाशय श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, खालून रेटतं, त्यामुळे जिना चढताना आईला धाप लागते. पण खरी कमाल चालते बाळाच्या फुप्फुसात.

पावसात मारुती रोडवर भाजी घेताना कॅरीबॅगचं तोंड लवकर सुटत नाही, कारण आतल्या पाण्याने दोन्ही बाजू चिकटतात. फुप्फुसातले वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, त्याही आतून ओल्याच. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात (हाच पृष्ठताण) आणि कोश मिटू बघतो. ताण तोच राहून त्रिज्या निम्मी झाली, तर कोश उघडा ठेवायला दाब दुप्पट लागतो. म्हणजे लहान कोश आधी मिटणार, त्यातली हवा शेजारच्या मोठ्यात जाणार.

इथे सरफॅक्टंट कामाला येतं. साधारण २४व्या आठवड्यापासून वायुकोशातल्या काही पेशी हा स्निग्ध पदार्थ बनवू लागतात. त्याचे रेणू पाण्यात डोकं आणि हवेत दोन शेपट्या असे उभे राहतात. श्वास सोडला, कोश आक्रसला, की ते खेटून उभे राहतात आणि ताण जवळजवळ शून्यावर येतो. श्वास घेतला की पांगतात, ताण पुन्हा वाढतो. कोश लहान तसा ताणही कमी, म्हणून तो मिटत नाही. नुसत्या साबणाला हे साधत नाही.

पुरेसा साठा व्हायला बहुधा ३४-३५ आठवडे लागतात. तो नसला की बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जड जातो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास अडण्याचं हे कारण १९५९मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. तरी १९६३मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मलेला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा याच त्रासाने ३९ तासांत गेला. तेव्हा उपायच नव्हता. १९७२मध्ये लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी आईला स्टेरॉइड देऊन बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात हे सिद्ध केलं. आज ३४ आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या, तर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं १२-१२ तासांनी देतात. म्हणून अशा वेळी नवस बोलत बसू नका, गाडी काढा.

परवा भाचीचा फोन आला. "मामा, पोटात ठेका धरल्यासारखं काहीतरी उडतंय." बाळाला उचकी लागली होती. एवढंसं श्वासपटल आत आवळत होतं.