मॅग्नेशियम, क्लोराइड आणि रुआपेहूचं तळं

२४ डिसेंबर १९५३ च्या रात्री वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली एक्स्प्रेस गाडी टांगीवाई इथे नदीत कोसळली आणि १५१ माणसं दगावली. गाडी येण्याच्या काही मिनिटं आधी चिखल, दगड आणि पाण्याच्या लोंढ्याने पुलाचे खांब उखडले होते. हा लोंढा आला होता न्यूझीलंडमधल्या रुआपेहू या २७९७ मीटर उंच ज्वालामुखीच्या मुखात साठलेल्या तळ्यातून. त्या रात्री उद्रेक झालाच नव्हता. आधीच्या उद्रेकाने तळ्याच्या काठावर रचलेला राखेचा बांध तेवढा फुटला होता.

या तळ्याला माओरी भाषेत ‘ते वाई आ-मोए’ म्हणतात. भोवती बर्फ असतो, तरी पाण्याचं तापमान साधारण १५ ते ४५ अंशांच्या दरम्यान वरखाली होत राहतं. सामू १ च्या आसपास, म्हणजे पाणी जळजळीत आम्ल. याचं कारण तळाशी आहे. खोलवरचा शिलारस वर सरकू लागला की दाब कमी होतो आणि त्यात विरघळलेले वायू सुटतात: वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन क्लोराइड. उघड्या मुखातून हे सगळं वाऱ्यावर जातं. तळं असेल तर निदान क्लोरीन आणि गंधकाचा मोठा हिस्सा पाण्यात अडकतो. म्हणून बाटलीभर पाण्यात गेल्या कित्येक आठवड्यांचा हिशेब सापडतो.

पण हा हिशेब वाचायचा कसा? नुसतं क्लोराइड मोजून भागत नाही. तळं तापलं की पाणी वाफ होऊन उडतं आणि क्लोराइड दाट होतं. बर्फ वितळून आत आला की ते पातळ होतं. दोन्ही वेळा ज्वालामुखीने काहीच केलेलं नसतं. इथे न्यूझीलंडमधले रसायनशास्त्रज्ञ वेर्नर गिगेनबाख यांचं काम मोलाचं ठरलं. १९७१ च्या उद्रेकाच्या काळात आणि नंतर रुआपेहूच्या पाण्याचा अभ्यास करून त्यांनी १९७४ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात कळीचं होतं मॅग्नेशियम आणि क्लोराइड यांचं गुणोत्तर. आमटी आटली की मीठ आणि गूळ दोन्ही चढतात, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलत नाही, इथेही तसंच. क्लोराइड येतं शिलारसाच्या वायूंतून. मॅग्नेशियम येतं खडकातून, आणि तेही ताज्या खडकातून, कारण तळाचा जुना खडक आम्लाने कधीच धुऊन काढलेला असतो. त्यामुळे गुणोत्तर चढू लागलं तर नवा, गरम खडक पाण्याला भिडला असण्याची शक्यता मोठी.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पाणी फार गरम आणि फार आम्लधर्मी झालं तर हायड्रोजन क्लोराइड वायूच तळ्यातून उडून जातो. मग क्लोराइड घटतं आणि नवा शिलारस आलेला नसतानाही गुणोत्तर फुगतं.

जपानमधल्या कुसात्सु-शिराने ज्वालामुखीच्या युगामा तळ्यात आणखी एक खूण सापडली. सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड पाण्यात भेटले की गंधकाच्या लांब साखळीची संयुगं तयार होतात, त्यांना पॉलिथायोनेट म्हणतात. तळ्याखालची धग मध्यम असेल तर ती साठत जातात. सल्फर डायऑक्साइडचा जोर आणि उष्णता वाढली की ती तुटतात. १९८२ च्या उद्रेकांच्या काही महिने आधी युगामात ती घटली होती, हे जपानी संशोधक ताकानो यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं. काहीतरी वाढलं की धोका, अशी आपली समजूत असते. इथे एक पदार्थ नाहीसा होणं हाच इशारा होता.

गंधकाचं दुसरं रूप मात्र जास्त फसवं आहे. अशा तळ्यांच्या तळाशी वितळलेल्या गंधकाचे साठे असतात, आणि गंधकाच्या पोकळ गोळ्या कधीकधी पाण्यावर तरंगताना दिसतात. गंधक सुमारे ११९ अंशांना वितळतं तेव्हा ते पातळ असतं, पण १६० अंशांच्या आसपास ते एकाएकी विलक्षण चिकट होतं. घन किंवा चिकट गंधक आणि इतर खनिजं मिळून तळाच्या भेगा बुजवू शकतात. मग वायू तळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. वर पाणी गार होत जातं, रसायनं शांत दिसतात, आणि खाली दाब साठत राहतो. २५ सप्टेंबर २००७ ला रुआपेहूवर झालेला उद्रेक असाच, ठळक पूर्वसूचनेशिवाय आला आणि शिखराजवळच्या निवाऱ्यातला एक गिर्यारोहक गंभीर जखमी झाला. त्यामागे अशी बुजलेली वाट होती, असं नंतरच्या अभ्यासांत मांडलं गेलं. म्हणून थंड तळं म्हणजे निवांत ज्वालामुखी, असं मानणं मला धोक्याचं वाटतं.

नमुने किती दिवसांनी घ्यायचे, हाही प्रश्न आहेच. कोस्टा रिकातल्या पोआस ज्वालामुखीच्या तळ्यावर वायू सतत मोजणारी उपकरणं बसवली, तेव्हा छोट्या बाष्पस्फोटांआधी कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सल्फर डायऑक्साइड वाढल्याचं दिसलं, तेही जेमतेम काही दिवस आधी. महिन्यातून एकदा बाटली भरणाऱ्याच्या हाती हा इशारा लागलाच नसता.

शिवाय तळं फक्त स्वतःपुरतं बोलतं. २३ जानेवारी २०१८ ला कुसात्सु-शिरानेचा उद्रेक झाला तो युगामातून नाही, तर काही अंतरावरच्या मोतोशिरानेमधून, स्की मैदानाला लागून. त्यात एका जवानाचा मृत्यू झाला. इतकी वर्षं जिथे बारकाईने लक्ष होतं, त्या तळ्याने काही सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

या सगळ्यामुळे रुआपेहूवर आज पाण्याचे नमुने, तापमान, हवेतले वायू आणि जमिनीचे हादरे हे सगळं शेजारी शेजारी ठेवून वाचतात. २०२२ मध्ये तळं ४१ अंशांपर्यंत तापलं, हादरेही जोरात होते. इशाऱ्याची पातळी वाढवली गेली. उद्रेक झाला नाही आणि काही महिन्यांनी पातळी पुन्हा खाली आणली. काहींना हा इशारा वाया गेला असं वाटलं असेल. तळ्याखालची वाट मोकळी आहे की बुजलेली, हे वरून दिसत नसताना माणसांना शिखरापासून दूर ठेवणं हाच त्या आकड्यांचा योग्य उपयोग होता.