मांजराची इंग्रजी वेगळी, कुत्र्याची वेगळी

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जिन्यात झोपलेल्या मांजराचा फोटो आला. वर लिहिलेलं, 'सो झोप. व्हेरी मांजर. वाव.' मी म्हटलं, लोलकॅट! भाची म्हणाली, "मावशी, मांजर दिसलं म्हणजे लोलकॅट नव्हे. ही डोजची भाषा आहे." तिचंच बरोबर होतं.

दोन्ही इंटरनेटवरचे मीम, म्हणजे प्राण्याच्या फोटोवर मुद्दाम मोडक्या इंग्रजीत ओळी लिहिण्याचे विनोद. त्यांत लोलकॅट आधीचा. 'आय कॅन हॅज चीझबर्गर?' विचारणारं मांजर आणि त्याच नावाचं संकेतस्थळ २००७ मध्ये गाजलं. इथे वाक्य पूर्ण असतं, फक्त क्रियापदाचा मेळ बिघडतो. 'कॅन'पुढे 'हॅव' हवं, तिथे 'हॅज' येतं. स्पेलिंगही मोडतं. आपल्याकडे लहान मूल 'मी आंबा खाल्ली' म्हणतं, तसं. याच बोलीत बायबलचं भाषांतर सुरू झालं, 'लोलकोड' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषासुद्धा निघाली.

डोज म्हणजे जपानमधली काबोसु, शिबा इनू जातीची कुत्री. मालकिणीने २०१० मध्ये तिचे फोटो ब्लॉगवर टाकले आणि २०१३ मध्ये त्यांतला तिरक्या नजरेचा फोटो जगभर पोचला. २०२४ च्या मे महिन्यात ती गेली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

डोजमध्ये वाक्यच नसतं, दोन-दोन शब्दांचे तुकडे असतात. सो, व्हेरी, मच, मेनी, सच यांपैकी एक आणि पुढे त्याला व्याकरणात न चालणारा शब्द. 'व्हेरी'ला विशेषण लागतं, म्हणून 'व्हेरी मांजर'. 'मच लव्ह' इंग्रजीत चालतं, म्हणून डोजमध्ये फिकं पडतं. 'मच हॅपी' मात्र अस्सल. मला याचंच अप्रूप वाटतं. ज्याला बरोबर काय ते पक्कं ठाऊक आहे, त्यालाच ही चूक नेमकी जमते. याला अडाण्यांची इंग्रजी म्हणणाऱ्यांनी एकदा करून पाहावं.

मराठीत जमेल का, म्हणून आम्ही शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर पेंगणाऱ्या कुत्र्याचा फोटो घेतला. मी लिहिलं, 'अतिशय वाडा. नितांत दरवाजा. फार ऊन.'

भाचीने तिसरं खोडलं. "फार ऊन तर आपण रोजच म्हणतो, मावशी. ते बरोबर मराठी झालं."