शिरोळचा ऊस, जिनिव्हाचा हिशेब

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी पहिल्या उचलीचा, म्हणजे उसाच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा जाहीर होतो आणि पुढे कोल्हापूर-सांगलीत त्यावरून रस्ते अडतात, तोडी थांबतात. भांडण कारखानदाराशी आणि सरकारशी असतं. जागतिक व्यापार संघटनेचं नाव तिथे सहसा कुणी घेत नाही. पण ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारींवर या संघटनेच्या जिनिव्हातल्या पंचमंडळाने 14 डिसेंबर 2021 रोजी निकाल दिला. 2014-15 ते 2018-19 या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना मर्यादेबाहेर मदत दिली, असं त्यात म्हटलं आहे. एफआरपीच्या, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान भावाच्या, बिलासाठी हेलपाटे घालणाऱ्या शिरोळ-कागलच्या सभासदाला ही मदत नेमकी कुठल्या खात्यावर जमा झाली, हा प्रश्न पडायलाच हवा.

गोष्ट 1986 पासूनची. त्या वर्षी जागतिक व्यापाराच्या नियमांसाठी उरुग्वे फेरीच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि शेती पहिल्यांदाच पूर्णपणे त्या नियमांत ओढली गेली. 1991 च्या अखेरीस या वाटाघाटींतून कराराचा डंकेल मसुदा आला आणि आपल्याकडे शेतकरी चळवळच दुभंगली. सीमेपलीकडे कर्नाटकात नंजुंडस्वामींचा रयत संघ मसुद्याविरुद्ध रस्त्यावर उतरला. इकडे शरद जोशींची शेतकरी संघटना मसुद्याच्या बाजूने उभी राहिली. जोशींचं म्हणणं सरळ होतं: भारतीय शेतकऱ्याला सबसिडी मिळतच नाही, उलट सरकार भाव पाडून त्याच्याकडूनच वसूल करतं, म्हणजे ती उणे सबसिडी, मग खुल्या बाजाराला घाबरायचं कशाला? त्या काळच्या आकड्यांनुसार त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मेख होती कराराच्या तपशिलात.

1 जानेवारी 1995 पासून शेतीविषयक करार लागू झाला. ज्या देशांनी आधीच भरमसाट अनुदानं दिली होती, त्यांना ती काही टक्क्यांनी कमी करायला सांगितलं गेलं आणि उरलेली रक्कम त्यांचा हक्क ठरली. अमेरिकेचा हा हक्क वर्षाला 1910 कोटी डॉलरचा आहे. भारतासारख्या देशांनी तेव्हा तेवढं दिलं नव्हतं, म्हणून त्यांच्या वाट्याला आली प्रत्येक पिकाच्या उत्पादन मूल्याच्या 10 टक्क्यांची मर्यादा. ज्याने आधी जास्त खाल्लं त्याचं ताट मोठं ठेवलं, इतकी सरळ ही वाटणी आहे.

दुसरी अडचण मदत मोजण्याच्या सूत्रात आहे. सरकारने ठरवलेला आजचा भाव घ्यायचा, त्यातून 1986-88 चा गोठवलेला संदर्भ भाव वजा करायचा आणि फरकाला उत्पादनाने गुणायचं. आलेली रक्कम म्हणजे 'मदत'. मधल्या काळात डिझेल, खत, मजुरी, तोडणी-वाहतूक कुठे गेली, याला सूत्रात जागा नाही. 2018-19 मध्ये 10 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला 2750 रुपये एफआरपी होती. ती तीस वर्षांपूर्वीच्या भावाशी ताडली तर 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाणारच.

भारताचा मुख्य बचाव वेगळा होता. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार भाव सरकार ठरवतं, पण पैसे देतो कारखाना, तेही 14 दिवसांत, नाहीतर 15 टक्के व्याजासह. तिजोरीतून दमडी जात नसेल तर सरकारची मदत कसली? पंचमंडळाने हे मानलं नाही. सरकारने किमान भाव बांधून दिला एवढं त्यांना पुरेसं वाटलं. कायद्याच्या भाषेत ते बसत असेलही. पण सरकारी हमीभाव आणि खाजगी किंवा सहकारी कारखान्यावर लादलेली देणी एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

निर्यातीच्या बाबतीत मात्र आपली बाजू लंगडी होती, हे मान्य करायला हवं. 2017-18 मध्ये साखरेचं विक्रमी उत्पादन झालं, जागतिक भाव दशकातल्या नीचांकाला आले आणि उसाची देणी थकली. मग केंद्राने 2019-20 मध्ये 60 लाख टन निर्यातीसाठी टनाला 10,448 रुपये दिले. देशी गोदामं मोकळी झाली, थकीत बिलं काही प्रमाणात निघाली. पण त्या साखरेचा भार पडत्या बाजारावर गेला आणि ब्राझीलची ओरड अशाच निर्यात अनुदानांवर होती. याच ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाने थायलंडला सोबत घेऊन युरोपच्या अनुदानित साखरेविरुद्धचा खटला 2005 मध्ये जिंकला होता. युरोपला आपली साखर व्यवस्था बदलावी लागली.

भारताने जानेवारी 2022 मध्ये अपील केलं. ते ऐकणारं अपील मंडळ डिसेंबर 2019 पासूनच बंद आहे, कारण अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्या. त्यामुळे निकाल अडकून पडला. एफआरपी वाढतच गेली, 2024-25 मध्ये 10.25 टक्के उताऱ्याला 3400 रुपये झाली. कारखान्यांसाठी साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला आणि नंतर बरीच वर्षं तिथेच राहिला. कोल्हापूरचा उतारा राज्यात वरचा असल्याने इथे एफआरपीही वर जाते, आणि तो ताण इथल्या कारखान्यांना आधी जाणवतो.

जिनिव्हाला दोष देताना दिल्लीला सूट देऊ नये. 2021-22 मध्ये अनुदानाशिवाय 110 लाख टनांच्या आसपास साखर बाहेर गेली. पुढे सरकारनेच निर्यातीवर बंधनं आणली आणि 2023-24 च्या हंगामात ती होऊच दिली नाही. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही निर्बंध आले. ते पुढच्या वर्षी उठले. विकसनशील देशांना निर्यातीच्या वाहतूक-विपणन खर्चावर अनुदान देण्याची जी सवलत होती, तीही संघटनेच्या नैरोबी परिषदेत 2015 साली ठरल्याप्रमाणे 2023 अखेर संपली. आता साखर पुन्हा मापाबाहेर झाली, तर 2019 सारखा निर्यात अनुदानाचा मार्ग सरकारला मोकळा नाही.