मोझरचा एक तास आणि मेक्सिकोची विरळ हवा

इटलीच्या उत्तरेला, ट्रेंटो शहराजवळ फ्रान्चेस्को मोझरचे द्राक्षमळे आहेत. तिथल्या एका फेसाळ वाइनचं नाव आहे '५१,१५१'. हे मीटर आहेत. २३ जानेवारी १९८४ रोजी मेक्सिको सिटीत मोझरने एका तासात सायकलवर कापलेलं अंतर.

मोझर तेव्हा ३२ वर्षांचा होता. सायकलपटूंच्याच घरात वाढलेला. त्याचे तीन भाऊही व्यावसायिक शर्यतींत उतरले होते. १९७७ मध्ये तो जगज्जेता झाला होता, आणि दगडी फरसबंदीवरून हाडं खिळखिळी करत जाणारी पॅरिस-रुबे ही शर्यत त्याने १९७८ ते १९८० अशी सलग तीनदा जिंकली होती. अंगापिंडाने दणकट. घाट आला की मात्र हेच वजन त्याला मागे ओढायचं. सपाट ट्रॅकवरचा तास अशा माणसासाठीच होता.

नियम इतका साधा की लहान मूलही सांगेल: एक सायकल, एक माणूस, साठ मिनिटं. जाल तितकं अंतर तुमचं. १९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्सने याच शहरात ४९.४३१ किलोमीटर कापले होते आणि तो आकडा बारा वर्षं हलला नव्हता. मोझरने १९ जानेवारीला ५०.८०८ किलोमीटर केले आणि चार दिवसांनी परत येऊन ५१.१५१.

फरक साडेतीन टक्क्यांचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण इथे हवा हिशेब बिघडवते. वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारलेल्या कुणालाही हे पायांनी ठाऊक असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट शक्ती हवी. ताशी पन्नास किलोमीटरला सायकलपटूची जवळपास सगळी मेहनत हवा बाजूला सारण्यातच जाते. मर्क्सच्याच सायकलवर, त्याच्याच बैठकीत साडेतीन टक्के जास्त वेग काढायचा तर सुमारे अकरा टक्के जास्त शक्ती लागली असती. त्या पातळीच्या खेळाडूकडे एवढी शिल्लक नसते.

म्हणून मोझरच्या चमूने हवेचाच खर्च कमी केला. फिरत्या चाकाचा वरचा भाग जमिनीच्या तुलनेत सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जातो, म्हणजे इथे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. तिथले स्पोक पंख्यासारखी हवा घुसळत राहतात. मोझरच्या सायकलला स्पोकच नव्हते. दोन्ही चाकं म्हणजे बंद चकत्या. हॅंडल बैलाच्या शिंगांसारखं वळलेलं, म्हणजे पाठ वाकलेलीच राहावी.

आणि मेक्सिको सिटी का? हे शहर सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक विरळ असते. मग ऑक्सिजनही तेवढाच कमी नाही का? कमी असतोच. पण रक्तातलं हिमोग्लोबिन मोठं चिवट असतं. दाब थोडा उतरला तरी ते बऱ्यापैकी भरूनच निघतं. त्यामुळे शरीराचं नुकसान हवेतल्या बचतीपेक्षा कमी राहतं. या दोहोंमधला फरक, तोच नफा.

हृदयाचा हिशेब फेरारा विद्यापीठातल्या फ्रान्चेस्को कोन्कोनी यांनी ठेवला. वेग वाढवत नेला की हृदयाचे ठोके सरळ रेषेत वाढतात आणि एका टप्प्यावर ती रेषा वाकते. त्या वळणाच्या जरा अलीकडे राहिलं तर तासभर टिकता येतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे अनेक संशोधकांना ते वळण सगळ्या खेळाडूंत सापडलं नाही. या तासाची दुसरी बाजूही आहे. त्या काळात आपण रक्त चढवून घेतल्याचं मोझरने पुढे स्वतःच मान्य केलं. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना पोचणारा ऑक्सिजन वाढतो. तेव्हा त्यावर बंदी नव्हती, ती नंतर आली. पण चकत्यांचं कौतुक करताना ही गोष्ट गाळणं मला अप्रामाणिक वाटतं.

त्याच वर्षी जूनमध्ये, इटलीच्या जिरो शर्यतीच्या शेवटच्या दिवशी, व्हेरोनात मोझरने तशाच चाकांवर फ्रान्सच्या लोराँ फिन्योंला मागे टाकून जेतेपद खेचून घेतलं. चित्रीकरणाच्या हेलिकॉप्टरने आपल्यावर वारा मारला, ही फिन्योंची तक्रार पुढे कायम राहिली. वाद पुन्हा हवेचाच.

अखेर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० साली मर्क्सच्या पद्धतीची साधी सायकल सक्तीची केली (ही सक्ती २०१४ मध्ये उठली) आणि मोझरसह नंतरचे सगळे आकडे वेगळ्या यादीत टाकले. ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये हात पुढे ताणलेल्या बैठकीत ५६.३७५ किलोमीटर केले होते. साध्या सायकलवर, २००० मध्ये, त्याचे झाले ४९.४४१. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त.

मोझर त्याआधीच, जानेवारी १९९४ मध्ये, पुन्हा मेक्सिको सिटीला जाऊन आला होता. निवृत्त, वय ४२, या वेळी छाती टेकवून बसलेला. अंतर ५१.८४० किलोमीटर. बत्तिसाव्या वर्षीच्या मोझरपेक्षा ६८९ मीटर पुढे.